सुट्टी मिळालेल्या रुग्णाचे पुढे काय?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाचा प्रश्न या देशात मृत्यू घडल्यानंतरच चर्चेला येतो, आणि मृतांचा आकडा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून उतरला की चर्चाही संपते. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. अठ्ठेचाळीस तासांत हा आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. मंत्र्यांचे दौरे झाले. एका लोकप्रतिनिधीने तर प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करविले आणि त्याचे चित्रण देशभर दाखविले गेले. रुग्णालयाला मनुष्यबळ किती हवे, पैसा किती हवा आणि तो कोणी अडविला, हे प्रश्न त्या झाडूच्या धुरळ्यात दिसेनासे झाले.

शासनातर्फे खुलासा असा करण्यात आला की औषधांचा तुटवडा नव्हता, आणि अनेक रुग्ण खासगी रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते. हा खुलासा खरा मानला तरी त्याने शासनाचा बचाव होत नाही. उलट आरोप अधिक गंभीर होतो. पैसे असेतोवर खासगी दवाखाना आणि पैसे संपल्यावर सरकारी, हा जर मराठवाड्यातील गरिबाच्या आजाराचा ठरलेला मार्ग असेल, तर तो मार्ग आखला कोणी? विष्णुपुरीच्या या रुग्णालयात मंजूर खाटा सुमारे पाचशे. त्यांवर भार मात्र केवळ नांदेड जिल्ह्याचा नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि सीमेपलीकडील तेलंगणातील रुग्णही तेथेच येतात. खाटा थोड्या आणि रुग्ण अधिक असले म्हणजे दोन गोष्टी अपरिहार्यपणे घडतात. काही रुग्णांना खाट मिळत नाही, आणि ज्यांना मिळते त्यांना ती लवकर रिकामी करावी लागते. पहिली गोष्ट वर्तमानपत्रांत येते. दुसरीची वाच्यता कोठेच होत नाही, आणि म्हणून तीच आज विचारात घ्यावयाची आहे. जो रुग्ण मेला नाही, पण बराही झाला नाही, ज्याला सुट्टी देऊन घरी पाठविले, त्याचे पुढे काय होते?

हा रुग्ण कोण, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. लातूरच्या बाजारपेठेत पोती वाहताना पाठीच्या कण्याला इजा झालेला हमाल, अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेला शेतमजूर, पडून खुब्याचे हाड मोडलेली सत्तरीतील म्हातारी, वाहनाच्या अपघातात पाय गमावलेला तरुण, ही त्याची काही रूपे. यांच्या बाबतीत शस्त्रक्रिया किंवा पहिला औषधोपचार हा कामाचा निम्मा भाग असतो. उरलेला निम्मा भाग त्यानंतरच्या आठवड्यांत व महिन्यांत व्हावयाचा असतो. अर्धांगवायूच्या रुग्णाने गमावलेली हालचाल परत येण्याची शक्यता पहिल्या काही महिन्यांत सर्वांत अधिक असते; त्या काळात रोज व्यायाम करवून घेतला नाही तर हातपाय आखडतात आणि आखडलेले सांधे पुन्हा मोकळे होणे कठीण होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, त्या चिघळतात, आणि ज्याला रोगाने मारले नाही त्याला त्या जखमा मारतात. लघवीची नळी स्वच्छ राहिली नाही तर जंतुसंसर्ग थेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. या कामाला महागडी यंत्रे लागत नाहीत. त्याला लागतात शिकलेले हात आणि वेळ. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांचे ते काम आहे; आणि खर्चाला कात्री लागली की सर्वांत आधी हेच हात कमी होतात.

आरोग्याच्या कल्पनेत ही सेवा कधी नव्हतीच, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा आता येथे जगातील राष्ट्रांनी जो जाहीरनामा केला, त्यात रोगप्रतिबंध आणि रोगनिवारण यांच्या जोडीला पुनर्वसनही प्राथमिक आरोग्यसेवेचे अंग म्हणून स्पष्टपणे नमूद आहे. भारतानेही तो जाहीरनामा मान्य केला होता.

मराठवाड्यात मात्र पुनर्वसन या शब्दाला एक वेगळाच इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली, ५२ गावे जमीनदोस्त झाली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला, नव्या जागी नवी गावे वसली. ते काम लहान नव्हते आणि त्याची नोंद घेतलीच पाहिजे. परंतु त्या वेळेपासून या भागात पुनर्वसन म्हणजे घर, पुनर्वसन म्हणजे भूखंड, असा अर्थ रूढ होऊन बसला. घर मोजता येते, त्याची किल्ली समारंभपूर्वक देता येते. मोडलेल्या कण्याचे पुनर्वसन वर्षानुवर्षे चालते आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. किल्लारीच्या भूकंपाला ज्या दिवशी ३० वर्षे पूर्ण झाली, त्याच दिवशी नांदेडच्या रुग्णालयातील मृत्यूंना सुरुवात व्हावी, हा योगायोग होय. परंतु तीन दशकांत या भूमीवर घरे उभारण्याची विद्या शासनाने आत्मसात केली आणि माणूस पुन्हा उभा करण्याची केली नाही, याला योगायोग म्हणता येणार नाही.

कपात हा शब्द उच्चारला की अंदाजपत्रकातील एखादी रक्कम कमी झाल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात कपात इतक्या उघडपणे क्वचितच केली जाते. तिचे तीन मार्ग आहेत आणि कार्यकर्त्यांनी ते ओळखले पाहिजेत.

पहिला मार्ग रिक्त पदांचा. पद मंजूर असते, अंदाजपत्रकात त्याचा उल्लेख असतो, पण माणूस नेमला जात नाही आणि वेतनाची रक्कम वाचते. महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेविषयी महालेखापरीक्षकांचा जो अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला, त्यात परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश पदे रिकामी असल्याचे नमूद आहे. एक तृतीयांश परिचारिका नाहीत याचा वॉर्डातला अर्थ असा की उरलेल्या परिचारिका सलाईन आणि इंजेक्शने कशीबशी सांभाळतात; कूस बदलणे, नळी स्वच्छ करणे, रुग्णाला धरून चार पावले चालविणे ही कामे नातेवाइकांवर सोडली जातात.

दुसरा मार्ग कंत्राटाचा. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने बाह्य संस्थांमार्फत नोकरभरतीचा आदेश काढला आणि राज्यभर असंतोष उसळल्यावर पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. आदेश मागे गेला तरी पद्धत गेली नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचारी वर्षानुवर्षे कंत्राटावरच आहेत. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांची, त्याने अठरा महिने चालणाऱ्या रुग्णाच्या सुधारणेची जबाबदारी कशी घ्यावी?

तिसरा मार्ग सर्वांत चतुर आहे. पैसा कमी न करता तो दुसरीकडे वळवावयाचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. प्रारंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते, ते आता ५ लाखांवर गेले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रानेही सत्तर वर्षांवरील सर्वांना ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली. या योजनांमुळे अनेकांचे प्राण वाचले, हे मान्य करावयास हवे. पण त्यांची रचना पाहा. रुग्ण दाखल होतो, ठरलेल्या दराचे पॅकेज मंजूर होते, उपचार होतो, सुट्टी होते, आणि रुग्णालयाचे बिल शासन चुकते करते. डॉक्टर लेनमधील नर्सिंग होमला शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. त्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने घरी किंवा एखाद्या शुश्रूषागृहात जी काळजी घ्यावयाची तिला या चौकटीत जवळजवळ जागाच नाही. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे शुश्रूषेचे घर नव्हे, तर शस्त्रक्रियागृह असलेले लहान खासगी रुग्णालय, असा जो अर्थ प्रचलित झाला आहे, तो पुरेसा बोलका आहे. शुश्रूषेत नफा नाही. म्हणून नाव शुश्रूषेचे राहिले आणि धंदा शस्त्रक्रियेचा झाला.

आता कायद्यांकडे वळू. कागदावर तरतुदींची वाण नाही. २०१०–११ साली वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपीची सोय, ही त्यातील कल्पना. म्हणजे संपूर्ण योजना ज्या खुंटीवर टांगावयाची ती खुंटी जिल्हा रुग्णालय ही आहे. लातुरात २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा जिल्हा रुग्णालय त्यात सामावले गेले, आणि स्वतंत्र जिल्हा रुग्णालयासाठी लातूरकरांना त्यानंतर वर्षानुवर्षे मागणी करीत राहावे लागले. महाविद्यालय आले ही आनंदाचीच गोष्ट. पण शिक्षणाचे रुग्णालय गुंतागुंतीच्या रोग्यांसाठी असते. सावकाश बऱ्या होणाऱ्या रुग्णाने तेथे महिनाभर खाट अडविलेली कोणालाच परवडत नाही. त्या रुग्णाचे हक्काचे ठिकाण जिल्हा आणि तालुका पातळीवरच हवे होते.

याच विभागणीचा आणखी एक परिणाम पाहण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील महाविद्यालयीन रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. किनवटच्या आदिवासी रुग्णाला इमारतीवरच्या पाटीत दोन खात्यांमधला हा भेद कसा वाचता यावा?

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांना सामावून घेणारे निवासगृह राज्य शासन स्थापन ‘करू शकेल’, असे म्हटले आहे. ‘करील’ असे म्हटलेले नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने पुनर्वसनसेवा हे शासनाचे कर्तव्य ठरविले, पण त्याला आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत अशी पुस्ती जोडली. गरिबाच्या हक्काला आर्थिक क्षमतेची मर्यादा घालणारे शासन करसवलती देताना मात्र अशी मर्यादा स्वतःला घालून घेताना दिसत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च २०२० पर्यंत आरोग्यावर करावा, असे उद्दिष्ट ठेवले. देशातील संपन्न राज्यांत गणना होणाऱ्या महाराष्ट्राने ते गाठले नाही. यात पैशाच्या अभावापेक्षा प्राधान्याचा अभावच अधिक आहे.

मग न झालेले काम करतो कोण? काम तर नाहीसे होत नाही. कूस बदलावीच लागते, जखम धुवावीच लागते. शासनाच्या खातेवहीत जी बचत दिसते ती कोणाच्या तरी अंगावर खर्च म्हणून पडलेली असते. ते अंग बहुतेक वेळा घरातील स्त्रीचे असते. सासरा अंथरुणाला खिळला की सुनेची मजुरी बुडते. आई पडली की मुलीची शाळा सुटते. या श्रमाला वेतन नाही, प्रशिक्षण नाही, सुट्टी तर नाहीच. शिवाय फिजिओथेरपी जेथे उपलब्ध आहे तेथे ती बहुधा शहरात आहे आणि किनवट, माहूरहून नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. परंतु लुळ्या माणसाला बसच्या पायऱ्या चढवून आठवड्यातून तीनदा नेणे-आणणे म्हणजे बरोबरच्या माणसाच्या तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडणे. दोन आठवड्यांत फेऱ्या थांबतात. कुटुंब खासगी उपचाराकडे वळले तर सावकार, आणि न वळले तर कायमचे पांगळेपण, एवढीच निवड उरते. अशा कुटुंबाला आधार म्हणून केंद्र शासन साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधाराच्या निवृत्तिवेतनात दरमहा २०० रुपयांची भर घालते आणि २००७ पासून त्यात वाढ केलेली नाही. राज्याने संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ साली १,५०० रुपये आणि अपंगांसाठी २०२५ साली २,५०० रुपये केली. ही वाढही लढून मिळालेली आहे. पण एवढ्या रकमेत दिवसाला काही तासांची सेविकासुद्धा ठेवता येत नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वृद्धांची व आजाऱ्यांची सेवा घरातच व्हावी ही आपली संस्कृती आहे, शुश्रूषागृहे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी दिवाळीनंतरची मराठवाड्यातील गावे पाहावीत. कंधार, मुखेडकडील कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर निघून जातात. तरुण पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस असतात. घराला कुलूप नसते, कारण आत एक म्हातारे माणूस बाजेवर असते. ज्या अर्थव्यवस्थेने कुटुंबातील धडधाकट हात गावाबाहेर ओढून नेले, तिच्या रक्षकांनीच कुटुंबाच्या कर्तव्याचे प्रवचन करावे, हा ढोंगीपणा आहे. कुटुंबाची माया कोणी नाकारीत नाही. मायेला आधार मागणे म्हणजे तिचा अपमान करणे नव्हे.

बाहेरच्या जगाचा अनुभव या बाबतीत उपयोगी आहे. ब्रिटनने १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा उभारली. तेथेही पुढे दीर्घकाळच्या शुश्रूषेचा भार रुग्णालयांकडून काढून घेण्यात आला. १९९० च्या कायद्याने ती जबाबदारी स्थानिक संस्थांकडे गेली आणि उत्पन्न पाहून शुल्क आकारणीची पद्धत रुजली. स्थानिक संस्थांचा पैसा आटला तसे बरे झालेले वृद्ध जावयाला जागा नाही म्हणून रुग्णालयातच अडकून पडू लागले. शुश्रूषेतील कपात अखेर रुग्णालयाच्याच दारात परत आली. उलट बाजूने केरळचे उदाहरण आहे. तेथे २००८ साली राज्य शासनाने पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे असाध्य व दीर्घ आजारातील शुश्रूषा, यांविषयी धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींच्या सहभागाने परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊ लागली. केरळात सोन्याच्या खाणी नाहीत. तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हाती पैसा आणि अधिकार गेला आणि लोकांनी ते काम आपले मानले, एवढाच फरक आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयांत परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांची कायम पदे भरली जावीत. किनवट, मुखेड, उदगीर, निलंगा यांसारख्या दूरच्या तालुक्यांत, महाविद्यालयीन रुग्णालयातून सुट्टी मिळालेल्या रुग्णांना काही आठवडे ठेवता येईल असे शुश्रूषा कक्ष असावेत. निःशुल्क उपचारांचा निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनाही लागू व्हावा. २०१६ च्या कायद्यात ज्या परिचारक भत्त्याचा उल्लेख आहे, तो अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांच्या कुटुंबांना प्रत्यक्षात मिळावा. आणि आरोग्य विम्याच्या योजनांतून जेव्हा शस्त्रक्रियेचे पैसे दिले जातात, तेव्हा त्यानंतरच्या पुनर्वसनाचा खर्चही त्याच हक्काचा भाग मानला जावा.

पण मागणीपत्र लिहून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. शासन मृत्यू मोजते, कारण मृत्यूची नोंद सक्तीची आहे. पांगळेपण कोणी मोजत नाही. म्हणून प्रत्येक गावात अशी नोंदवही तयार झाली पाहिजे: अंथरुणाला खिळलेली माणसे किती, कोणत्या आजाराने, रुग्णालयातून केव्हा घरी पाठविली, नंतर कोणी आरोग्य कर्मचारी आला का, घरात सेवा कोण करते आणि त्यापायी तिची मजुरी किती बुडाली. रुग्णाच्या संमतीने आणि त्याची अप्रतिष्ठा न करता ही नोंद व्हावी. या कामात आशा सेविकांची मदत होईल. पण बिनपगारी आणखी एक ओझे म्हणून ते त्यांच्यावर लादता कामा नये. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. ती कशावर खर्च झाली, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जावा. शासकीय रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत; त्यांच्या बैठका होतात की नाही आणि त्यांत काय ठरते, याची माहिती मागितली जावी.

अशी शंभर गावांची नोंद घेऊन लोक जेव्हा नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांपुढे उभे राहतील, तेव्हा आर्थिक क्षमतेची सबब सांगणे शासनाला आजच्याइतके सोपे राहणार नाही. त्या मोर्चात सर्वांत पुढे असावयास हवे ते माणूस मात्र येऊ शकणार नाही, कारण ते बाजेवर पडून आहे. त्याची गैरहजेरी नोंदवहीच्या पानांतून बोलली पाहिजे, आणि ती पाने लिहिण्याचे काम या शिबिरातून परतताच सुरू झाले पाहिजे.